शंकासमाधान : पिनकोड दोनदा लिहिला की १०१ ने भाग का जातो?

मोठ्या संख्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या अंकात घेतली आहेत. ती एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे क्रमानेच वाचावीत. कागद-पेन्सिल हाताशी असू द्या, नुसतं वाचून यातलं निम्मंच पदरात पडेल.

प्रश्न : मुलीच्या वहीत एक गंमत दिसली. तिने पिनकोड ४१६००१ शेजारी शेजारी दोनदा लिहिला, म्हणजे ४१६००१४१६००१, आणि १०१ ने भागलं. बाकी शून्य! राजारामपुरीचा ४१६००८ घेतला तरी शून्यच. हा योगायोग की नियम? आणि एवढ्या मोठ्या संख्येचे सगळे अवयव हाताने काढता येतील का?
(पालक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : नियम आहे. सहा आकडी संख्या दोनदा लिहिली की पहिली प्रत सहा घरं डावीकडे सरकते, म्हणजे दहा लाख पट होते. तिच्यात मूळ संख्या आणखी एकदा मिळवली जाते. एकूण पट झाली १०,००,००१. म्हणजे

४१६००१४१६००१ = ४१६००१ × १०,००,००१

आता १०,००,००१ फोडा. ९९०१ ला १०० ने गुणलं की ९,९०,१००, त्यात ९९०१ मिळवले की बरोब्बर १०,००,००१. म्हणजे ही संख्या १०१ × ९९०१ आहे. पिन कोणताही असो, दोनदा लिहिला की हे दोन अवयव आत येऊन बसतातच. मुलीला आता ९९०१ ने भागून बघायला सांगा, तिथेही बाकी शून्य येईल.

हेच दुसऱ्या वाटेनेही दिसतं. १०१ ची कसोटी अशी : उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडायच्या आणि आलटून पालटून अधिक-वजा करायचं. १०० हा १०१ पेक्षा एकनेच कमी, म्हणून दर जोडीला चिन्ह उलटतं. आपल्या संख्येच्या जोड्या उजवीकडून ०१, ६०, ४१, ०१, ६०, ४१.

०१ − ६० + ४१ − ०१ + ६० − ४१ = ०

एका पिनमध्ये जोड्या तीन, म्हणजे विषम. म्हणून दुसऱ्या प्रतीत प्रत्येक जोडीला उलटं चिन्ह मिळतं आणि सगळं एकमेकांत कटतं. हा ‘विषम जोड्या’चा मुद्दा लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात लागणार आहे.

आता अवयव. बारा आकड्यांकडे बघून घाबरायचं कारण नाही, कारण संख्या कशी बनली हे आपल्याला माहीत आहे. १०१ आणि ९९०१ हातात आलेच, उरलं फक्त ४१६००१ फोडायचं काम. त्याच्या अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. भागाकार १,३८,६६७. याला ५, ७, ११, १३, १७, १९ यांपैकी कशानेच भाग जात नाही. २३ ला मात्र संख्या फुटते : २३ × ६००० = १,३८,००० आणि २३ × २९ = ६६७. भागाकार ६०२९.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, २३ ने एकदा भाग गेला की लोक थेट २९ कडे जातात. तोच अवयव दुसऱ्यांदाही असू शकतो, म्हणून २३ पुन्हा लावून बघायलाच हवा. इथे बाकी ३ राहते, म्हणजे नाही. दुसरी चूक, ६०२९ ‘मूळ असल्यासारखी दिसते’ म्हणून सोडून देणं. दिसण्यावर जाऊ नका. ७७ चा वर्ग ५९२९ आणि ७८ चा ६०८४, म्हणजे ७७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. लहान मूळ संख्या आधीच बाद झाल्यात, उरल्या २३ पासून ७३ पर्यंतच्या तेरा. ४१ ला जीव वर-खाली होतो, ४१ × १४७ = ६०२७, पण बाकी २ राहतेच. ६७ ला तर एकानेच हुकतं, बाकी ६६. एकानेही पूर्ण भाग जात नाही, म्हणून ६०२९ मूळ संख्या आहे.

राहिली ९९०१. सरळ रस्ता धरला तर १०० च्या आतल्या पंचवीसही मूळ संख्या लावून बघाव्या लागतील. पण ९९०१ = १०,००० − १०० + १ आहे, आणि हे रूप कामाला येतं. समजा एखादी मूळ संख्या हिला भागते. मग तिने १० च्या घातांना भागत गेलं की बाक्यांचं चक्र बरोबर १२ पायऱ्यांनी पुरं होतं. हे चक्र त्या मूळ संख्येपेक्षा एकने लहान संख्येला नेहमी भागतं (हा फर्माचा नियम), म्हणून १२ ने भागल्यावर बाकी १ उरेल अशीच मूळ संख्या इथे चालते. १०० च्या आत अशा पाचच : १३, ३७, ६१, ७३, ९७. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. पंचवीस भागाकारांचं काम पाचांत आटोपलं आणि ९९०१ मूळ ठरली. त्या बारा पायऱ्या प्रत्यक्ष बघायच्या तर १ ला ९९०१ ने भागा : ०.०००१००९९९८९९, आणि पुढे हेच बारा आकडे पुन्हा पुन्हा. यातल्या पहिल्या सहा आणि नंतरच्या सहा आकड्यांची बेरीज करा, ०००१०० + ९९९८९९ = ९९९९९९. आम्हाला हा तुकडा फार आवडतो.

तेव्हा पूर्ण उत्तर असं :

४१६००१४१६००१ = ३ × २३ × १०१ × ६०२९ × ९९०१

पाच वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ × २ × २ × २ × २ = ३२ विभाजक. त्या सगळ्यांची बेरीज ४ × २४ × १०२ × ६०३० × ९९०२, म्हणजे ५,८४,६७,११,१५,५२०. यातून संख्या स्वतः वजा केली की १,६८,६६,९६,९९,५१९ उरतात. मूळ संख्येच्या निम्म्याहूनही कमी.

वाचनाचं म्हणाल तर ४,१६,००,१४,१६,००१ म्हणजे ४१६ अब्ज १४ लाख १६ हजार एक. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थाननावांनी वाचायचं तर ४ निखर्व, १ खर्व, ६ अब्ज, १ प्रयुत, ४ लक्ष, १ अयुत, ६ सहस्र आणि १. प्रत्येक घराला स्वतःचं नाव असल्यामुळे अधली शून्यं आपोआप गळतात.

प्रश्न : आमच्या सांगलीचा पिन ४१६४१६. यातही ४१६ दोनदा आहेच. मग याला १०१ ने भाग का जात नाही?
(वाचक, सांगली)

उत्तर : कारण इथे पुन्हा येणारा तुकडा तीन आकडी आहे. पट होते १००१ ची, आणि १००१ = ७ × ११ × १३. जोड्या पाडून बघा : १६ − ६४ + ४१ = −७, म्हणजे १०१ ने भागल्यावर बाकी ९४.

पण म्हणून तुमचा पिन कमी नाही, उलट भलताच श्रीमंत आहे. ४१६ = २ × २ × २ × २ × २ × १३. त्यामुळे ४१६४१६ मध्ये २ पाच वेळा, १३ दोन वेळा, ७ आणि ११ एकेकदा. विभाजक ६ × ३ × २ × २ = ७२. वरच्या बारा आकडी संख्येचे ३२, आणि या सहा आकडी संख्येचे ७२! संख्येच्या लांबीवरून विभाजक किती हे कधी ठरवू नका.

४१६ मध्ये १३ दडलेला असल्याने आपल्या भागातल्या बहुतेकांना एक सोपी कसोटी मिळते. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातले बहुतेक पिन ४१६ ने सुरू होतात, आणि ४१६००० ला १३ ने पूर्ण भाग जातो. म्हणून अशा पिनला १३ ने भाग जातो का हे बघायला शेवटचे तीन आकडे पुरतात. शिवाजी विद्यापीठाचा ४१६००४ : शेवटी ००४, नाही जात, बाकी ४. सांगलीचा ४१६ : १३ × ३२, जातो.

दुसरा तुकडा किती आकडी असेल त्यावर अवयव बदलतात :

२ आकडी संख्या दोनदा : १०१
३ आकडी : ७ × ११ × १३
४ आकडी : ७३ × १३७
५ आकडी : ११ × ९०९१
६ आकडी : १०१ × ९९०१
७ आकडी : ११ × ९०९०९१
८ आकडी : १७ × ५८८२३५३
९ आकडी : ७ × ११ × १३ × १९ × ५२५७९
१० आकडी : १०१ × ३५४१ × २७९६१

एमएच ०९ पुढचा गाडीचा चार आकडी नंबर दोनदा लिहून ७३ ने भागून बघा. चार आणि आठ आकडी संख्यांत जोड्या सम होतात, दुसऱ्या प्रतीत चिन्ह उलटत नाही, म्हणून तिथे १०१ ची हमी नाही.

प्रश्न : दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर ४१६००१४१६००१ ला ७ ने भागलं. ५९४२८७७३७१४.४ आलं. .४ ला ७ ने गुणलं तर २.८. बाकी २.८ कशी असेल? आणि ३ ने गुणलं तर नुसतं ‘ई’ येतं.
(व्यापारी, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

उत्तर : बाकी पूर्णांकच असते, इथे ती ३ आहे. पडद्यावर बाराच घरं. त्यातली अकरा पूर्ण भागाने खाल्ली, दशांशाला एकच उरलं, पुढचे २८५७ कापले गेले. म्हणून दशांश भागावरून बाकी काढूच नका. पूर्ण भाग तेवढा घ्या, ५९४२८७७३७१४, त्याला ७ ने गुणा : ४१६००१४१५९९८. हे मूळ संख्येतून वजा करा : ३. ही रीत कधी फसत नाही, फक्त गुणाकार बारा घरांत मावला पाहिजे, आणि तो मावतोच, कारण तो मूळ संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही.

३ ने गुणल्यावर उत्तर तेरा आकडी होतं, म्हणून ‘ई’. तेव्हा फक्त ४१६००१ × ३ करा, १२,४८,००३. आता हे दोनदा लिहायचं, पण जपून! हा तुकडा सात आकडी झाला आणि जागा सहाच घरांची आहे. नुसतं शेजारी शेजारी लिहिलंत तर १२४८००३१२४८००३ असं चौदा आकडी चुकीचं उत्तर येईल. उजवीकडे शेवटची सहा घरं, २४८००३, ठेवा. समोरचा १ हातचा म्हणून डाव्या प्रतीत मिळवा, १२४८००३ चे १२४८००४. उत्तर १२४८००४२४८००३.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. तुमच्याच नियमाने दहा आकडी नंबर दोनदा लिहिला की १०१ ने भाग जायला हवा. मी कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये १२३४५६७८९० दोनदा टाकला, तर शेवटचे पाच आकडे शून्य झाले आणि भाग जाईना. नियम चुकला का?
(विद्यार्थिनी, कागल)

उत्तर : नियम बरोबर आहे, आकडे हरवले. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा आकडेच सांभाळतं, पुढच्यांच्या जागी शून्यं भरतं. तू टाकलेस १२३४५६७८९०१२३४५६७८९०, आणि खान्यात राहिले १२३४५६७८९०१२३४५०००००. या दुसऱ्या संख्येला १०१ ने भागलं तर बाकी ८३ येते. मोबाइल नंबर आणि आधार क्रमांक पंधरा घरांच्या आत आहेत म्हणून तिथे हे जाणवत नाही, बँकेच्या कार्डाचा सोळा आकडी नंबर मात्र असाच शेवटच्या घरात बिघडतो. आकडे तसेच राहायला हवे असतील तर टाइप करण्याआधी खाना ‘टेक्स्ट’ करून घे. नंतर केलंस तर गेलेले आकडे परत येत नाहीत.

बाकी काढायला तुकडे पाड. पहिले दहा आकडे १२३४५६७८९०, त्यांना १०१ ने भागून बाकी ४६. हा ४६ उरलेल्या दहा आकड्यांच्या पुढे लाव : ४६१२३४५६७८९०. आता ही बाराच आकडी संख्या आहे, कुठेही मावते. जोड्यांनी कर :

९० − ७८ + ५६ − ३४ + १२ − ४६ = ०

शाळेतला लांब भागाकार हाच. एकेका आकड्याऐवजी दहा-दहा आकडे खाली घेतले, एवढंच.

प्रश्न : काप्रेकरांचा ६१७४ चार आकडी संख्यांसाठी. सहा आकडी पिनवर तो प्रयोग केला तर कुठे जाऊन थांबतो? आणि त्यांची हर्षद संख्या म्हणजे काय?
(शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र काप्रेकरांची रीत तुम्हाला माहीतच आहे : अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चार आकड्यांत, सगळे अंक सारखे नसतील तर, शेवटी ६१७४ येतो. सहा आकड्यांत मात्र सगळे एका ठिकाणी येत नाहीत. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच थांबतात, आणि सात संख्यांचं एक रिंगणही आहे. ४१६००१ रिंगणात जातो :

६४११०० − ००११४६ = ६३९९५४
९९६५४३ − ३४५६९९ = ६५०८४४
८६५४४० − ०४४५६८ = ८२०८७२

पुढे ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठव्या पायरीला ४२०८७६. इथून रिंगण : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६.

वर्गात करून घेताना मुलं पुढची शून्यं गाळतात, ००११४६ चे ११४६ होतात. पहिल्या पायरीला फरक पडत नाही. पण एखादं उत्तरच पाच आकडी आलं आणि त्याचं पुढचं शून्य सोडलं तर सगळी वाट चुकते. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा, म्हणून अंकांची बेरीज १८, २७, ३६ अशी येते का ते दर पायरीला बघायला सांगा. चूक तिथल्या तिथे सापडते.

हर्षद म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या. तुमचा ४१६५०२ : बेरीज १८, भागाकार २३१३९, पूर्ण. सांगलीचा ४१६४१६ : बेरीज २२, भागाकार १८९२८, तोही हर्षद. ४१६००१ पासून ४१६०१२ पर्यंतचे बारा आकडे मात्र आम्ही एकेक करून तपासले, त्यात एकही हर्षद नाही.

प्रश्न : दोनदा लिहिलेला पिन कधी पूर्ण वर्ग होऊ शकेल का?
(वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : पिन कधीच नाही. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. १०,००,००१ मध्ये १०१ आणि ९९०१ एकेकदाच आहेत, म्हणून जोडी जुळवायला पिनमध्येही दोन्ही असायला हवेत. पण मग पिन निदान १०,००,००१ एवढा होईल, म्हणजे सात आकडी.

वरच्या यादीत दहा आकड्यांपर्यंत कुठेच एखादा अवयव दोनदा आलेला नाही, म्हणून तिथवर हीच अडचण. अकरा आकड्यांना मात्र दार उघडतं : १००००००००००१ = ११ × ११ × ८२६४४६२८१. इथे ११ ची जोडी आधीच जुळलेली आहे. संख्येत फक्त ८२६४४६२८१ आणि सोबत एखादा वर्ग असला की झालं. ८२६४४६२८१ नऊच आकडी आहे, तिला १, ४ किंवा ९ ने गुणून अकरा आकडे भरत नाहीत. १६ ने गुणल्यावर भरतात : १३२२३१४०४९६. ही दोनदा लिहा,

१३२२३१४०४९६१३२२३१४०४९६ = ३६३६३६३६३६४ × ३६३६३६३६३६४

दोनदा लिहून पूर्ण वर्ग होणारी सगळ्यात लहान संख्या हीच. १६ च्या जागी २५, ३६, ४९, ६४, ८१ आणि १०० घेतले की आणखी सहा मिळतात. १२१ घेतलं तर तुकडा बारा आकडी होतो, म्हणून अकरा आकड्यांत अशा सातच. २५ ची २०६६११५७०२५, तिचं वर्गमूळ ४५४५४५४५४५५. उरलेल्या पाच वहीत करून बघा, वर्गमूळ ९०९०९०९०९१ च्या पाढ्यात सापडेल.